लाकडाच्या भुशाचं खत करायचंय? आधी त्याला गोठ्यात नेऊन भिजवा

कुठल्याही सॉ मिलच्या मागच्या अंगाला गेलात की भुशाचा ढीग दिसतो. ओंडका कापताना करवतीच्या जाडीइतकं लाकूड दर कापाला चुरा होऊन खाली पडतं, त्यामुळे मिल चालू आहे तोवर हा ढीग वाढतच राहतो. मोठ्या गावांजवळचा भुसा आता सहसा पडून राहत नाही. बॉयलरवाले आणि भुसा दाबून ‘पांढऱ्या कोळशाच्या’ कांड्या बनवणारे कारखाने तो उचलतात. पण आडबाजूच्या लहान मिलमध्ये मालक अजूनही म्हणतो, पोती आणा आणि हवा तेवढा भरून न्या.

फुकटची पोती घरी येतात. मग पुढचा प्रश्न: याचं करायचं काय? दिसायला तो कोकोपीटसारखा, हाताला हलका, पाणी धरणारा. साहजिकच तो कुंड्यांत मिसळला जातो, भाजीच्या वाफ्यात ओतला जातो. दोन-तीन आठवड्यांत मिरचीची, वांग्याची खालची पानं पिवळी पडू लागतात आणि रोप जागच्या जागी बसतं. ‘भुसा गरम पडला’ किंवा ‘भुशाने माती आंबट झाली’ असा निष्कर्ष काढून उरलेली पोती पेटवून दिली जातात.

भुसा गरम पडलेला नसतो. आंबटपणाचा आरोपही बहुतेक वेळा खोटा असतो, कारण ताजा भुसा थोडासा आम्लधर्मी असला तरी बागेतल्या मातीचा सामू बदलण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. रोप उपाशी पडलेलं असतं, आणि त्याचं जेवण पळवणारे दुसरेच कुणी असतात.

पानं पिवळी का पडतात

लाकूड हे जवळपास निव्वळ कर्बाचं बांधकाम आहे. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि त्यांना सिमेंटसारखं धरून ठेवणारं लिग्निन, हे तीनच मुख्य घटक. नत्र त्यात नावापुरतं. झाडाला खोड उभं ठेवायला नत्राची गरज नसते. ते पानांत, बियांत आणि वाढत्या शेंड्यांत लागतं.

माती कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला मात्र दोन्ही हवं असतं. कर्ब ही त्यांची ऊर्जा, नत्र हे त्यांच्या शरीराचं सामान. समोर भुशाचा डोंगर आला की त्यांची संख्या भराभर वाढू लागते, आणि भुशात न मिळणारं नत्र ते आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात. मुळांपेक्षा सूक्ष्मजीव यात कितीतरी चपळ असतात. रोपाला नत्र कमी पडलं की ते जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या शेंड्याकडे पाठवतं. म्हणून पिवळेपणा नेहमी खालच्या पानांपासून चढतो. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण लोहासारख्या काही अन्नद्रव्यांची कमतरता उलट कोवळ्या पानांवर आधी दिसते.

हे नत्र कायमचं नाहीसं होत नाही. भुसा कुजत आला, सूक्ष्मजीव मरू लागले की ते परत मातीत मोकळं होतं. पण त्याला काही महिने लागतात, कधी वर्षही. मिरचीला तेवढी सवड नसते.

हिशेब १ किलो भुशाचा

कुजण्याच्या भाषेत या प्रमाणाला कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात. खताचा ढीग चांगला चालायचा तर सुरुवातीला हे गुणोत्तर २५ ते ३० च्या आसपास असावं लागतं, म्हणजे ३० भाग कर्बामागे १ भाग नत्र. स्वयंपाकघरातला ओला कचरा १५ ते २० च्या घरात असतो, ताजं शेण २० ते २५ च्या, भाताचा पेंढा ६० ते ८० च्या. लाकडाचा भुसा? लाकडाच्या जातीप्रमाणे २०० पासून ५०० पर्यंत, काही जातींत त्याहूनही वर.

आकडे नुसते वाचून उपयोग नाही, म्हणून एक साधा हिशेब करू. १ किलो कोरड्या भुशात साधारण ५०० ग्रॅम कर्ब असतो. ३० च्या गुणोत्तराला त्यासाठी १७ ग्रॅमच्या आसपास नत्र लागेल. भुशात स्वतःचं असतं १ ते २ ग्रॅम. म्हणजे दर किलोमागे १५ ग्रॅमचा खड्डा, जो आपल्याला बाहेरून भरायचा आहे.

सगळ्यांना पहिलं सुचतं ते शेण. १ किलो ताज्या शेणात ३ ते ४ ग्रॅम नत्र असतं, तेव्हा चार-पाच किलो शेणात काम व्हावं असं वाटतं. पण त्यातच ८० ग्रॅमच्या आसपास कर्बही असतो आणि त्याला त्याचा वाटा लागतो. तो वजा केला की १ किलो शेणातून भुशासाठी उरतं जेमतेम १ ग्रॅम, बऱ्याचदा त्याहूनही कमी. १ किलो भुशाला १५ ते २० किलो शेण! शेणकाला शिंपडून भुशाचं खत होत नाही ते यामुळे. शेणकाल्याने सूक्ष्मजीवांचं विरजण लागतं, पण नुसत्या विरजणाचं दही होत नाही, दूधही लागतं.

युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून कागदावर ३३ ग्रॅम युरिया पुरतो. प्रत्यक्षात थोडा कमी चालतो, कारण लिग्निनमध्ये अडकलेला कर्ब सुरुवातीला सूक्ष्मजीवांच्या हाती लागतच नाही. निम्मा आधी आणि निम्मा ढीग पलटताना द्यावा.

आणि तिसरा मार्ग, जो फुकट आहे आणि बहुतेक गोठ्यांतून रोज वाहून जातो: गोमूत्र. त्यात साधारण १ टक्का नत्र असतं, कर्ब अगदी थोडा. १ किलो भुशाला दीड लिटर गोमूत्र, की हिशेब जुळला.

गोठा: भुशाची खरी जागा

भुसा मोठा शोषक आहे, आणि इथेच त्याचा गुण कामी येतो. कोरडा भुसा स्वतःच्या वजनाच्या दुप्पट, कधी अडीचपट पाणी धरतो. एक गाय दिवसाला सुमारे ८ ते १० लिटर मूत्र टाकते. म्हणजे ४ ते ५ किलो भुसा, मापाने सांगायचं तर दीड-दोन बादल्या, एका गाईच्या दिवसभराच्या मूत्राला पुरतो. ५ किलो भुशाला हवं ७५ ग्रॅम नत्र. ८ ते १० लिटर मूत्रात असतं ८० ते १०० ग्रॅम. थोडं हवेत उडून जाणारच, तेवढ्यासाठी वरची शिल्लक आहे. इतका चपखल बसणारा हिशेब शेतीत क्वचित सापडतो.

जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्रातलं साधारण निम्मं मूत्रातून जातं. आपल्याकडे शेण गोळा करण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, पण मूत्र मातीच्या गोठ्यात जमिनीत मुरतं आणि फरशीच्या गोठ्यात पाण्याने धुऊन काढलं जातं. त्यातला युरिया शेणाच्या संपर्कात आला की काही तासांतच त्याचा अमोनिया होऊ लागतो. सकाळी गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो तो वास म्हणजे उडून चाललेलं खतच. भुसा मूत्र ओलं असतानाच टिपून घेतो आणि वासही लगेच कमी होतो.

पद्धत अशी. मूत्र वाहून नेणाऱ्या नालीत आणि जनावराच्या मागच्या पायांच्या मागे भुसा पसरायचा. भिजलेला भुसा रोज सकाळी शेणाबरोबर ओढून उकिरड्यावर न्यायचा आणि वर मातीचा किंवा पाचोळ्याचा पातळ थर द्यायचा, म्हणजे उरलेला अमोनिया अडतो. संध्याकाळी नवा कोरडा भुसा.

दुभत्या जनावराबाबत मात्र एक काळजी घ्यायला हवी. ओलसर, बारीक भुशात काही जिवाणू जोरात वाढतात, आणि असा भुसा सडांना लागत राहिला तर कासदाह होण्याचा धोका वाढतो. म्हणून दुभती गाय-म्हैस जिथे बसते तिथे भुशाची गादी करू नये. नालीत वापरावा आणि रोज बदलावा. भाकड जनावरं, बैल, शेळ्या यांच्या खाली कोरड्या भुशाचा थर चालतो, पण धूळ उडेल इतका बारीक नको.

कोंबड्यांच्या गादी पद्धतीत भाताचं तूस आणि भुसा दोन्ही वापरतात. तिथली विष्ठा नत्राने इतकी भरलेली असते की भुसा तिच्यापुढे उलट थोडासाच पडतो. पिल्लांसाठी रंध्यातून निघणारी कुरळी सालपटं चांगली. करवतीचा बारीक भुसा पिल्लं दाणा समजून टिपतात. पहिले काही दिवस वर कागद अंथरतात तो त्यासाठीच. पोल्ट्रीतून निघालेला जुना भुसा विकत मिळत असेल तर तो ताज्या भुशापेक्षा केव्हाही चांगला सौदा.

गोठा नसेल तर: स्वयंपाकघरातली बादली

शहरातल्या घरात हीच गोष्ट लहान प्रमाणावर होते. ओल्या कचऱ्यात पाणी फार, हवा कमी. त्यामुळे बादलीत तळाशी काळं पाणी साठतं आणि वास सुटतो. सोसायट्यांमधल्या कचरा बारीक करणाऱ्या यंत्रांतही कचऱ्याबरोबर भुसा घालतात.

किती घालायचा? १ किलो ओल्या कचऱ्याला १५० ग्रॅमच्या आसपास भुसा. वजनकाटा कुणी रोज काढत नाही, तेव्हा मापाने दोन वाट्या कचऱ्याला एक वाटी भुसा हा अंदाज ठेवावा. इतक्याने गुणोत्तर ३० च्या जवळ येतं, पण एक अडचण उरते. कचरा तरीही ओलाच राहतो. तो पूर्ण कोरडा होईपर्यंत भुसा घालत गेलं तर किलोला ४०० ग्रॅमपर्यंत जावं लागेल, आणि मग गुणोत्तर पन्नाशीला पोहोचून सगळं थंड पडेल. बादलीत महिनोन्‌महिने भुसा जसाच्या तसा दिसतो अशी तक्रार असते ती इथलीच. वास गेला, पण कुजणंही थांबलं. उपाय असा की वास मारायला भुसा आणि मोकळेपणा आणायला सुका पाचोळा किंवा फाडलेला पुठ्ठा, असं दोन्ही वापरावं. बारीक भुसा एकटाच असला तर तो दाबला जाऊन हवेची वाट बंद करतो. बादलीच्या तळाला आणि बाजूंना भोकं हवीतच.

गांडुळांच्या पेटीत ताजा भुसा थेट टाकू नये. आधी दोन-तीन महिने कुजवून, ऊब निवाल्यावरच तो त्यांच्यासमोर ठेवावा. सागाचा तर नकोच.

कुठला भुसा अजिबात नको

शहरात घरी फर्निचरचं काम निघालं की सुतार जाताना दोन पोती भुसा ठेवून जातो. बागेची हौस असलेल्या घरात तो जपून ठेवला जातो. नेमका हाच भुसा बागेत जाऊ नये. आजचं घरगुती फर्निचर बहुतांशी प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डचं असतं. त्यांत लाकडाचे थर किंवा चुरा फॉर्माल्डिहाइडयुक्त चिकटद्रव्याने जोडलेला असतो, आणि वरच्या लॅमिनेटचे प्लास्टिकसारखे कण त्यात मिसळलेले असतात. हे खतात जिरत नाहीत. जाळणं तर त्याहून वाईट.

जुन्या खिडक्या-दारं कापलेला भुसाही नको, कारण जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरना क्रिओसोट हे डांबरी तेल पाजलेलं असतं. कीड लागू नये म्हणून तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या क्षारांत मुरवलेल्या लाकडाला हिरवट झाक असते. त्याचा भुसा भाजीच्या वाफ्याजवळही नेऊ नये. थोडक्यात, ओंडका कापताना पडलेला भुसा चालेल, फळी रंगवल्या-चिकटवल्यावर पडलेला नाही. मिलमध्ये विचारायला लाजू नये: आज काय कापताय?

उत्तरात लाकडाचं नाव मिळालं तर आणखी चांगलं. आंबा, सावर, सुबाभूळ यांचा भुसा तुलनेने लवकर कुजतो. साग, शिसव यांचा खूप हळू. साग टिकतो तो त्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे, जी बुरशीला आणि वाळवीला रोखतात. भुसा झाला म्हणून ती द्रव्यं जात नाहीत. सागाचा भुसा पायवाटेवर टाकायला उत्तम, ढिगात मात्र थोडाच आणि बाकीच्यांत मिसळून.

अजून एक गोष्ट अंगणातच घडते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. भुसा ओतताना उडणारी धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षं सुतारकाम करणाऱ्यांचा आहे, वर्षाला चार पोती हाताळणाऱ्याचा नव्हे. तरीही पोतं उपडं करण्याआधी पाण्याचा हबका मारणं आणि नाकाला फडकं बांधणं काही कठीण नाही. दमा असणाऱ्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

ढीग लावताना

गोठ्यातून भिजून आलेला भुसा शेण, पालापाचोळा आणि हिरव्या तणाबरोबर थरांत रचायचा. लांबी, रुंदी, उंची किमान एकेक मीटर असली तर ढीग आतून तापतो. त्याहून लहान ढीग ऊब धरत नाही. ओल किती हवी हे मुठीत दाबून पाहावं. मूठभर माल दाबल्यावर बोटांत एक-दोन थेंब दिसले की बरोबर. धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी. कोकणात जून ते सप्टेंबर ढिगावर झावळ्या किंवा ताडपत्री हवीच, नाहीतर पाजलेलं सगळं नत्र पावसाबरोबर वाहून जाईल. मराठवाड्यात, विदर्भात उलट आठवड्याला पाणी द्यावं लागेल आणि ढिगापेक्षा खड्डा सोयीचा पडेल.

नाडेप टाकी वापरणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांची ही पद्धत (‘नाडेप’ ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरं) प्रसिद्ध झाली ती थोड्या शेणात भरपूर खत होतं म्हणून. १० फूट बाय ६ फूट बाय ३ फूट अशा जाळीदार विटांच्या टाकीत सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, १०० किलो शेण आणि भरपूर माती. हे गणित पानं, तण, पिकांचे अवशेष गृहीत धरून बसवलेलं आहे. काडीकचऱ्याच्या जागी सगळा भुसा घातला तर त्याला २० किलोच्या वर नत्र लागेल. १०० किलो शेणात असतं अर्धा किलोसुद्धा नाही. माझ्या मते नाडेपमध्ये काडीकचऱ्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त भुसा जाऊ नये, तोही पातळ थरांत आणि आधी गोमूत्रात भिजवलेला.

वेळ किती लागतो? पेंढ्याचं खत तीन-चार महिन्यांत होतं, भुशाला सहा महिने ते वर्ष धरून चालावं. पहिल्या तापात जिवाणू सोपं सोपं खाऊन घेतात. लिग्निन फोडण्याचं अवघड काम मुख्यतः बुरशीचं, आणि ती सावकाश, ढीग निवाल्यावर, पांढऱ्या जाळ्यासारखी पसरते. ढीग उकरल्यावर असं पांढरं जाळं दिसलं तर घाबरू नये. तेच तर हवं आहे.

तयार झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका, कारण गोमूत्राने भुसा आठवड्यातच काळपट दिसू लागतो. एका कुंडीत निम्मं खत-निम्मी माती घेऊन त्यात मोहरी किंवा लाल माठ पेरा, शेजारच्या कुंडीत नुसत्या मातीत तेच बी. तीन आठवड्यांनी खताच्या कुंडीतली रोपं फिकी दिसली तर ढीग झाकून ठेवा, अजून वेळ आहे. यासाठी मूग, मेथी घेऊ नये. द्विदल झाडं मुळांवरच्या गाठींतून स्वतःचं नत्र मिळवू शकतात आणि परीक्षा फसते.

कुजवायचा नसेल तर

झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून भुसा चालतो, एक अट पाळली तर. तो मातीवर ठेवायचा, मातीत मिसळायचा नाही. वर राहिला की नत्राची ओढाताण फक्त भुसा आणि माती जिथे टेकतात त्या पातळ थरापुरती राहते, खालच्या मुळांना झळ लागत नाही. आंबा, चिकू, नारळ यांच्या आळ्यात हे छान चालतं. कोथिंबीर, पालक अशा वरवर मुळं असणाऱ्या भाज्यांत नाही. थर २-३ सेंटिमीटरचा पुरे. बारीक भुशाचा जाड थर वाळला की त्याची पापडी होते आणि पाणी आत न मुरता वरून ओघळून जातं. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडावी आणि घराच्या भिंतीला लागून तर भुसा पसरूच नये, वाळवीला ते आमंत्रण आहे.

आल्याचं बेणं साठवायची जी रूढ पद्धत आहे तिच्यात सावलीतल्या खड्ड्यात बेण्याचे आणि कोरड्या वाळूचे किंवा भुशाचे एकाआड एक थर देतात. भुसा कंदांना एकमेकांपासून दूर ठेवतो, सुटलेली ओल टिपतो आणि बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. हा शेवटचा गुण बर्फाच्या लादीने सगळ्यांना माहीत करून दिला. भुशाच्या कणाकणांत अडकलेली हवा उष्णतेला अडवते. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फाने भरलेलं ‘टस्कनी’ हे जहाज चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला पोहोचलं, तेव्हा १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता, आणि त्या व्यापाराचा आधार होता तिकडच्या सॉ मिलमध्ये वाया जाणारा भुसा. पुढे मुंबईतही असा बर्फ उतरू लागला.

भुशाची शेगडी मात्र आता आजी-आजोबांच्या आठवणींतच उरली आहे. पत्र्याच्या डब्याला खाली बाजूला भोक, मधोमध उभी बाटली आणि भोकातून आडवा दांडा घालून चहूबाजूंनी भुसा ठासून भरायचा, मग बाटली आणि दांडा अलगद ओढून काढायचे. आत काटकोनात वळणारा बोगदा तयार होतो आणि त्यातून हवा खेळून शेगडी दोन-तीन तास एकसारखी जळते. पाणी तापवायला, हुरडा भाजायला आजही बरी. पण उघड्यावरच, कारण धुमसणाऱ्या भुशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. राख झाडांना चालते. त्यात पालाश आणि चुना असतो, नत्र मात्र सगळं जळून गेलेलं असतं.

साठवताना

पोती कोरड्या जागी, फळीवर ठेवावीत. ट्रॉलीभर भुसा आणलात तर त्याचा एकच उंच ढीग करू नका. ओल्या भुशाचा मोठा ढीग आतून तापत जातो आणि क्वचित आपोआप पेटतो. खोलवर हवा न मिळालेला भुसा आंबतो, त्याला व्हिनेगरसारखा वास येतो आणि असा भुसा रोपांजवळ टाकला तर पानं एका दिवसात करपतात. वास आलाच तर तो उन्हात पसरून अधूनमधून खालीवर करावा. वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नये. आणि ढीग ओढ्याच्या किंवा विहिरीच्या काठी नको. पावसात भिजलेल्या ढिगातून चहाच्या रंगाचं पाणी झिरपतं, ते ओढ्यात उतरलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे मरतात. उताराच्या खालच्या बाजूला एक आडवा चर खणून त्यात पेंढा भरून ठेवला तर हे पाणी तिथेच अडतं, आणि पावसाळ्यानंतर तो पेंढाही ढिगावर टाकता येतो.